थोरली फुफ्फुसं

टाकळबनच्या आदिनाथ म्हस्केला छप्पन्नाव्या वर्षी कळलं, की आपली फुफ्फुसं एक्क्याऐंशी वर्षांची आहेत. दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच हातपाय गाळले असते. आदिनाथनं पेढे वाटले. हसू नका, खरं सांगतोय. शेवगावातून अर्धा किलो पेढे आणले आणि घरोघर फिरून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत तो सांगत सुटला, "एक्क्याऐंशी भरली. यंत्रावर निघालं. डॉक्टरीणबाईंची सही हाय कागदावर."

हे कशापायी, ते कळायचं तर आधी शिंगाचं प्रकरण कळलं पाहिजे. टाकळबन हे शेवगावपासून अकरा किलोमीटरवरचं गाव. कापूस, तूर, आणि पाणी आलं तर ऊस. गावदेवी टाकळाई. चैत्री पौर्णिमेला तिची पालखी निघते आणि निघायच्या आधी म्हस्क्यांच्या घरानं शिंग फुंकायचं, असा मान आहे. तांब्याचं लांबलचक वाकडं शिंग. ते वाजल्याबिगर भोई पालखीला खांदा लावत नाहीत. आता म्हस्क्यांच्या घरात ते फुंकायचं कुणी? तर वयानं जो थोरला त्यानं. हा नियम कुणी केला, कधी केला, ते विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मानाचं मूळ शोधणारा माणूस गावात फार दिवस सुखानं राहत नाही.

वडील वारल्यापासून तेवीस वर्षं हा मान थोरल्या राधाकृष्णकडे. वय त्रेसष्ट, पण सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पहाटे उठून म्हशींच्या धारा काढायच्या, तांब्याभर दूध प्यायचं आणि दिवसभर रानात राबायचं. धाकटा आदिनाथ मात्र सतराव्या वर्षापासून बिडी ओढणारा, रोजची दोन बंडलं. त्याच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली होती, की मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, ते शिंग आपल्या तोंडाला लागावं. आणि राधाकृष्ण तर दरवर्षी जास्तच टवटवीत दिसायचा.

"हा मला पोचवूनच शिंग खाली ठेवनार," आदिनाथ बायकोला म्हणायचा.

"मंग बिडी सोडा," बनुबाई म्हणायची. "निदान त्येंच्या मागं तरी ऱ्हाल."

पण ऐकतो कोण.

तर माघात गावच्या शाळेत एक शिबिर लागलं. डॉक्टर सुमेधा नावाची एक तरुण बाई नगरहून आली होती. धुराचा आणि त्या नव्या वाफेच्या नळ्यांचा, म्हणजे ई-सिगारेटचा, फुफ्फुसावर काय परिणाम होतो, याचा तिचा अभ्यास चालला होता. तिच्याजवळ एक यंत्र होतं. नळी तोंडात धरून जोरात फुंकायचं, की यंत्र फुफ्फुसाचं अंदाजे वय सांगायचं. शिवाय ती प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवून डबीत भरत होती.

"नाकातलं काय करता?" आदिनाथनं विचारलं.

"नाकातल्या पेशी फुफ्फुसाची खबर देतात, काका. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे काय काम करायचं याच्या सूचना. भिंतीवरच्या बटणांसारखं समजा. धूर गेला की नको ती बटणं चालू होतात आणि हवी ती बंद पडतात. सूज उतरवणारं बंद, जखम भरणारं बंद. मग साधा खोकलासुद्धा फुफ्फुसाला महागात पडतो."

"अन् बिडी सोडली तर?"

"बरीच बटणं परत जागेवर येतात. काही मात्र वर्षानुवर्षं अडकून बसतात."

आदिनाथच्या मागं करण उभा होता, राधाकृष्णचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, पुण्याला कंपनीत. सुट्टीवर आला होता. त्याच्या खिशात बंदी असलेली ती वाफेची नळी होती. ती त्याला पुण्यात कुठं मिळायची ते देव जाणे. तो म्हणाला, "माझं तसलं न्हाई मॅडम. धूर न्हाई, नुसती वाफ."

"काय असतं त्यात?"

"आंबा."

"आणि निकोटीन?"

"ते हाय. पन आंबा जास्त."

सुमेधानं यंत्राची नळी त्याच्यापुढं धरली. "वाफेनंही बटणं हलतात असं दिसतंय. किती, आणि कायमची का, तेच तर शोधतेय. फुंका."

राधाकृष्णही रांगेत होताच, तिघांनी फुंकलं. राधाकृष्णची फुफ्फुसं अठ्ठावन्न वर्षांची निघाली, करणची पंचेचाळीस आणि आदिनाथची एक्क्याऐंशी. सुमेधा गंभीर झाली. तिनं आदिनाथला नगरला पाठवून छातीचा फोटो काढायला लावला, आणि बिडी आजच बंद करा म्हणून चार वेळा बजावलं. आदिनाथच्या कानात त्यातलं काहीच शिरलं नाही. तो कागद बघत होता. एक्क्याऐंशी आणि अठ्ठावन्न! तेवीस वर्षांनी थोरला! भाऊनं बरोबर जितकी वर्षं शिंग दाबून धरलं होतं, तितकीच.

दुसऱ्या दिवशी त्यानं देवस्थानच्या पंचांपुढं कागद ठेवला. पंचांचे प्रमुख बन्सी तात्या, ऐंशीच्या घरातले, कुठल्याही प्रश्नावर आधी चहा मागवणारे. त्यांनी चहा मागवला, पिऊन घेतला आणि म्हणाले, "शिंग कशानं फुंकत्यात? गुडघ्यानं?"

"न्हाई तात्या."

"डोळ्यानं?"

"न्हाई."

"फुफ्फुसानं फुंकत्यात. मंग वय कुनाचं धरायचं? फुफ्फुसाचं."

पाच पंचांनी एकमेकांची तोंडं बघितली. चूक तर कुणालाच सापडेना. राधाकृष्ण म्हणाला, "तात्या, अवो माझा जन्म सात वर्सं आधीचा हाय, साऱ्या गावाला ठावं हाय." तात्या म्हणाले, "तुझा आसंल. तुझ्या फुफ्फुसांचा न्हाई." निकाल लागला. मान आदिनाथकडे गेला. फक्त राधाकृष्णच्या बाजूच्या लोकांनी एक अट घातली, की जत्रेच्या दिवशी सकाळी फेरमोजणी व्हायची. कुस्तीच्या आधी पैलवानाचं वजन घेतात, तसं.

गावात मग जे सुरू झालं ते विचारू नका. पारावरच्या बिडीवाल्या दोस्तांनी चौकात फ्लेक्स लावला. 'आदिनाथभाऊ म्हस्के यांच्या फुफ्फुसांना सहस्रचंद्रदर्शनाच्या हार्दिक शुभेच्छा!' मध्यभागी इंटरनेटवरून काढलेली दोन गुलाबी फुफ्फुसं आणि त्यांना फेटा बांधलेला. खाली शुभेच्छुकांचे सव्वीस फोटो, सगळे गॉगल लावून. आदिनाथ एसटीत बसला तर त्यानं कंडक्टरपुढं कागद धरला, पंचाहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट असतो म्हणून. कंडक्टरनं कागद नीट वाचला. भला माणूस. म्हणाला, "फुफ्फुसं बसू द्या फुकट. बाकीच्याचं तिकीट काढा."

बाहेर अशी मजा चाललेली आणि घरात आदिनाथची झोप उडालेली. कारण तिसऱ्याच दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बिडी सोडली तर बटणं जागेवर येतात. बटणं जागेवर आली तर वय खाली येणार. फेरमोजणीत सत्तावन्न निघालं म्हणजे? सगळं मुसळ केरात! आणि सोडली नाही तर दम राहत नाही, आणि दम नसेल तर शिंग वाजवणार कशानं? पायरी चढताना त्याला आत्ताच धाप लागत होती. ओढावी तर शिंग वाजत नाही, सोडावी तर शिंग मिळत नाही. बिचारा रात्रंदिवस हेच घोकत बसायचा.

शेवटी त्यानं ठरवलं, आधी मिळू तर दे. आणि दोनाची तीन बंडलं केली. आता हौस म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. तोंड कडू व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं, तरी माणूस नेमानं ओढत होता.

"अवो, लोकं तरनं व्हायला औषधं घेत्यात," बनुबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "म्हातारपन कमवायला एवढं कष्ट घेनारा मानूस म्या पैल्यांदाच बघितला."

"तुला मानाचं न्हाई कळायचं."

"मला खोकल्याचं कळतं. रातभर उशाला बसून ऐकते म्या." आदिनाथनं तिकडं लक्ष दिलं नाही. नालायकपणाच तो, दुसरा शब्द नाही.

जत्रेला महिना राहिला असताना राधाकृष्ण त्याच्या दारात आला. पंचांच्या निकालापासून भावाभावांचं बोलणं बंद होतं. राधाकृष्ण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "आदिनाथा, डॉक्टरीणबाईंचा फोन आल्ता. तुझा लागंना म्हनून माझ्यावर केला. छातीच्या फोटूत दिसलं म्हनं, तुझ्या फुफ्फुसाला वर हवेचं फुगं धरल्यात. जोर करून फुंकलंस तर फुटत्याल. फुफ्फुस खाली बसंल, जीव जाईल. शिंगाला तोंड लावू नको."

आदिनाथ हसला. "व्हय का? तेवीस वर्सं माझा जीव कधी आठवला न्हाई. आता शिंग हातचं गेलं तर आठवला?"

"आरं, खरं सांगतोय."

"फुगं म्हनं! भाऊ, जरा बरी तरी युक्ती काढायची."

राधाकृष्ण आणखी काही बोलणार होता, पण आदिनाथनं दार लावून घेतलं. बनुबाईनं दवाखान्याचा विषय काढला तेव्हा, "तूबी त्येला सामील का?" म्हणून तिच्यावरच खेकसला. सुमेधाचा फोन नंतर दोनदा आला. भाऊनं बाईंना फितवलं असणार, असं स्वतःला पटवून आदिनाथनं तो उचललाच नाही.

त्यानंतर राधाकृष्णच्या गोठ्याकडून वास यायला लागला. आंब्याचा. चैत्र लागायचा होता, झाडांना नुसत्या कैऱ्या, आणि गोठ्यात पिकलेल्या हापूसचा घमघमाट. म्हशी माना वर करून हुंगायच्या. एका संध्याकाळी आदिनाथनं कुडाच्या फटीतून डोकावून बघितलं आणि त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जन्मात पानसुद्धा न खाल्लेला थोरला भाऊ पेंडीच्या पोत्यावर बसून करणची ती नळी ओढत होता. वाफ सोडायचा, ठसकायचा, डोळे पुसायचा आणि पुन्हा ओढायचा. नळी खाली ठेवून मग बिडी पेटवायचा. पुन्हा सुट्टीवर आलेला करण शेजारी उभा राहून गयावया करत होता, "बाबा, बास ना आता. म्यापन सोडतो, पन तुमी बास करा."

"गप. वय वाढलं पायजे," राधाकृष्ण म्हणाला.

आदिनाथचं टाळकं सरकलं. म्हणजे मानापायी हा त्रेसष्टाव्या वर्षी बिडी शिकतोय! एवढी हाव! त्यानं घरी जाऊन त्या दिवशी चौथं बंडल फोडलं. दोन सख्खे भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांपेक्षा म्हातारे व्हायची शर्यत लावतात, असं टाकळबननं कधी बघितलं नव्हतं. गावात पैजा लागल्या. बिडीच्या दुकानदाराला दोघंही देवासारखे वाटायला लागले.

चैत्री पौर्णिमा उजाडली. देवळापुढं सारं गाव जमलं. पालखी फुलांनी सजलेली, भोई खांद्यावर पंचे टाकून तयार. सुमेधा यंत्र घेऊन आली होती, पण तिचा चेहरा रागानं लाल. तिनं आदिनाथच्या हातात नळी द्यायला साफ नकार दिला. "यांनी काहीही फुंकायचं नाही. मी महिनाभर ओरडून सांगतेय."

"मंग त्याचा जुना आकडा कायम," बन्सी तात्यांनी जाहीर केलं. "एक्क्याऐंशी. राधाकृष्णा, फुंक."

राधाकृष्ण पुढं आला. आदिनाथनं त्याला बऱ्याच दिवसांनी उजेडात बघितलं. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. त्यानं नळी तोंडात धरली, फुंकलं आणि मधेच खोकल्याची उबळ आली. दुसऱ्यांदा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकलं. सुमेधानं आकडा बघितला.

"सदुसष्ट? काका, तुम्ही अठ्ठावन्न होता! काय केलंत हे?"

राधाकृष्णनं एवढंच विचारलं, "किती कमी पडलं?"

"चौदा," तात्या म्हणाले. "मान आदिनाथचा."

पारावरच्या दोस्तांनी गुलाल उधळला. शिंग आदिनाथच्या हातात आलं. गार, जड तांबं. तेवीस वर्षं जे स्वप्नात बघितलं ते हातात होतं. सुमेधा गर्दीतून वाट काढत ओरडत होती, कुणी तिला पुढं येऊ देईना. बनुबाईनं डोळे मिटून घेतले. आदिनाथनं छाती भरून घेतली, जेवढी भरते तेवढी, आणि शिंग तोंडाकडे नेलं.

ओठ टेकायच्या आत कुणीतरी शिंगाचं तोंड तळव्यानं झाकलं. राधाकृष्ण होता. खोकत खोकत तो तिथंच गुडघ्यावर बसला, पण तळवा काढला नाही.

"सोड भाऊ! हारलास तू!"

"व्हय, हारलो," राधाकृष्ण म्हणाला. त्याला धड बोलताही येत नव्हतं. "लई ओढली रं. दिवसरात ओढली. तुझ्याएवढी जरी निघाली आसती तर शिंग माझ्याकडं ऱ्हायलं आसतं. तू हात लावला नसतास. तू माझं ऐकत न्हाईस, बाईंचं ऐकत न्हाईस, पंचांचं तरी ऐकलं आसतंस. दुसरं काय करनार हुतो म्या? चौदा कमी पडली, आदिनाथा. माफ कर."

आदिनाथनं खाली बघितलं. भावाची दोन बोटं बिडीनं पिवळी पडली होती. ज्या माणसानं जन्मात कधी काडी ओढली नव्हती, त्याची बोटं. आणि हे कशासाठी? मानासाठी नव्हे. दार लावून घेणाऱ्या भावासाठी. लाज वाटली, इतकी की तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो भावाशेजारी मातीत बसला आणि सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडायला लागला.

बन्सी तात्यांनी घसा खाकरला. "पोरांनो, रडा खुशाल. पन शिंग वाजल्याबिगर पालखी उठत न्हाई."

आदिनाथनं नाक पुसलं. "मान कुनाचा हाय तात्या?"

"तुझा."

"मंग कधी वाजवायचं अन् कुनी, ते म्या ठरवनार. मॅडम, भाऊची बटनं जाग्यावर यायला किती दिवस?"

सुमेधा शेवटी एकदाची पुढं पोचली होती. "आजपासून काहीही ओढलं नाही, तर तीन-चार महिन्यांत पुष्कळ फरक पडेल."

"तर जत्रा चार महिन्यांनी," आदिनाथ म्हणाला. "भाऊच्या छातीत पयल्यावानी दम येईस्तोवर पालखी जाग्यावर ऱ्हाईल. देवीला कुठं एसटी गाठायची हाय?"

पाच पंचांनी एकमेकांची तोंडं बघितली. याही बोलण्यात चूक कुणाला सापडेना. फुलं उतरवली, पालखी आत ठेवली, पाळणेवाले आणि भेळवाले शिव्या घालत माघारी गेले. त्या वर्षी टाकळबनची जत्रा श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी भरली आणि देवस्थानच्या वहीत विलंबाचं कारण म्हणून 'फुफ्फुसं' अशी नोंद झाली. हवं तर जाऊन बघा.

चार महिने दोघं भाऊ एकाच ओसरीवर बसून बिडीची तल्लफ दाबत होते. बडीशेप खायचे, भांडायचे, पुन्हा बडीशेप खायचे. करणनं आपली नळी विहिरीत टाकली. सुमेधानं आदिनाथला नगरला नेऊन पुन्हा तपासलं आणि काही लपवलं नाही. खोकला कमी होईल, आयुष्य वाढेल, पण काही बटणं आता परत येणार नाहीत. ते फुगे जिथं आहेत तिथंच राहतील. शिंग या जन्मात फुंकता येणार नाही. आदिनाथनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसला.

श्रावणात राधाकृष्णनं शिंग तोंडाला लावलं. पहिल्यांदा नुसती फुसकी हवा. दुसऱ्यांदा फाटका आवाज. तिसऱ्यांदा मात्र ते असं वाजलं, की भोयांनी आपसूक खांदे लावले. आदिनाथ शेजारीच उभा होता. भावाच्या पाठीवर तळवा टेकवून तो आत भरणारा नि बाहेर पडणारा श्वास चाचपत होता आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

पालखी उठली तेव्हा बनुबाईनं त्याला हळूच विचारलं, "वाईट वाटलं का वो? मान तुमचा, अन् वाजवलं भावजींनी."

"वाटलं की," आदिनाथ म्हणाला. "लई वाटलं." मग पालखीमागं चार पावलं चालून तो दमला, थांबला आणि तिच्या खांद्याचा आधार घेत म्हणाला, "पन मला आता फुंकायचं न्हाई. मला ऐकायचंय. पुढल्या वर्सीबी, अन् त्येच्या पुढल्या वर्सीबी."